एका गटाचे कागद : खानदेशातल्या अभिलेख शोधाच्या नोंदी

६ जानेवारी २०२५

काम दोन मिळकतींचे. एक शेतगट, जुन्या पूर्व खानदेशातला. दुसरी गावठाणातली घरजागा, जुन्या पश्चिम खानदेशातली. दोन्हींच्या हक्काचा धागा मागे जाईल तितका न्यायचा आणि त्यावर न्यायालयात जे घडले ते प्रमाणित प्रतींसह फाइलला लावायचे. गावाची, माणसांची आणि कचेऱ्यांची नावे या नोंदीत नाहीत. फेरफार (हक्कातल्या बदलाची नोंद) आणि दाव्याचे क्रमांक बदलले आहेत.

पहिला कागद डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा, १५ रुपये. महाभूलेख संकेतस्थळावर फुकट दिसतो तो पाहण्यापुरता, कचेरीत चालत नाही. सोबत खात्याचा ८अ (खातेदाराच्या गावातल्या जमिनींचा उतारा) काढला.

सातबारा हातात आला की बहुतेक जण नाव आणि क्षेत्र बघून घडी घालतात. शोध घेणाऱ्याने नजर आधी खाली न्यावी, 'जुने फेरफार क्रमांक' या चौकटीकडे. या गटावर नऊ आकडे आहेत : ८४, ३११, ५७०, ७०६, ९४१, ११८०, १४१२, १८८०, २२०५. प्रत्येक आकड्यामागे एक व्यवहार, एक वारस नोंद किंवा एखादा आदेश आहे. नऊच्या नऊ पाने हाती येईपर्यंत कोणाचा हक्क कसा आला यावर मत द्यायचे नाही, असे ठरले.

'प्रलंबित फेरफार' या ओळीत 'नाही' आहे. तिथे 'होय' असते तर 'आपली चावडी' या संकेतस्थळावर त्या गावाची नोटीस आधी पाहावी लागली असती; नोटिशीनंतरची १५ दिवसांची हरकतीची मुदत चालू आहे की संपली हे तिथेच कळते.

८ जानेवारी

अर्ज लिहिण्याआधी गाव कोणत्या काळात कुठे मोडत होते त्याचा तक्ता केला. खानदेशात हे टाळले की अर्ज चुकीच्या दारात जातो.

एकच खानदेश जिल्हा १९०६ मध्ये पूर्व आणि पश्चिम असा विभागला गेला. पूर्वेचे ठाणे जळगाव, पश्चिमेचे धुळे. १९६० नंतर कागदावर जळगाव आणि धुळे जिल्हा अशी नावे येऊ लागतात. नंदुरबार जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला. म्हणून शहादा, तळोदा, नवापूरकडच्या जुन्या जिल्हास्तरीय कागदावर 'जि. धुळे' किंवा 'प. खानदेश' असणारच, ती चूक नव्हे. तसेच तालुक्यांचे. धरणगावची जुनी कागदपत्रे 'ता. एरंडोल' म्हणून शोधावी लागतात. मुक्ताईनगरच्या जुन्या नोंदी 'एदलाबाद' नावाने आहेत.

गावाच्या नावाची शेपटी सोडायची नाही. बुद्रुक आणि खुर्द सगळ्यांना माहीत असतात. 'तर्फ' (जुना पोटविभाग) मात्र निसटते. शहाद्याकडे बामखेडे तर्फ तऱ्हाडी वेगळे आणि बामखेडे तर्फ सारंगखेडे वेगळे. कागदावर 'त.त.' आणि 'त.सा.' एवढेच लिहिलेले असते. अर्जात नुसते 'बामखेडे' लिहिले तर दोन्हींपैकी कोणत्याही गावची नक्कल मिळू शकते, आणि गट नंबर दोन्हीकडे असतोच.

१३ जानेवारी

हस्तलिखित सातबारे आणि फेरफार. आधी 'आपले अभिलेख' संकेतस्थळावर : जिल्हा, तालुका, गाव, मग अभिलेखाचा प्रकार. गाव निवडल्यावर सगळे प्रकार येत नाहीत, जे स्कॅन झाले तेच येतात. नऊपैकी सहा फेरफार तिथे मिळाले. ८४, ५७० आणि ९४१ नाहीत.

उरलेल्या तिघांसाठी तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज. जमिनीचे नकाशे आणि अभिलेख पाहण्याचा आणि फी भरून प्रमाणित नक्कल घेण्याचा हक्क महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम ३२७ मध्येच आहे. त्यासाठी आपण त्या जमिनीचे खातेदार असावे लागत नाही. 'तुमचा काय संबंध' असा प्रश्न आला तर हे कलम अर्जात लिहिलेले असावे, तोंडी वाद घालू नये.

अर्जाचा मजकूर असा ठेवला :

'मौजे ..., ता. ..., गाव नमुना ६ मधील फेरफार क्र. ८४, ५७० व ९४१ यांची, सर्व रकान्यांसह व मागील बाजूसह, प्रमाणित छायाप्रत मिळावी. तसेच याच गटाच्या व त्याआधीच्या सर्वे नंबरांच्या हस्तलिखित गाव नमुना ७/१२ ची, उपलब्ध सर्वात जुन्या वर्षापासून संगणकीकरणापर्यंत, नक्कल मिळावी.'

'जमिनीचे सर्व जुने कागद द्यावेत' असे लिहिले की कारकुनाला काय शोधायचे ते कळत नाही, आणि जे हाताशी आहे ते मिळते. नमुन्याचा क्रमांक, फेरफाराचा क्रमांक, कालावधी : हे तिन्ही हवेत. 'छायाप्रत' हा शब्दही हवाच. हाताने उतरवलेल्या नकलेत रकाने गळतात, आणि सगळे महत्त्व शेवटच्या रकान्याचे असते.

१६ जानेवारी

फेरफार कसा वाचायचा, १४१२ समोर ठेवून.

पहिल्या रकान्यात क्रमांक. दुसऱ्यात हक्काचे स्वरूप : कोणी, कोणाकडून, कशाने, कितीला. तिसऱ्यात परिणाम झालेले भूमापन क्रमांक. चौथ्यात चाचणी अधिकाऱ्याचा शेरा. १४१२ च्या दुसऱ्या रकान्यात 'वर्दीवरून वारस नोंद' असून चार नावे आहेत. चौथ्या रकान्यात मंडळ अधिकाऱ्याची सही आणि 'तपासले, मंजूर'. पण त्या सहीखाली वेगळ्या शाईत, तिरक्या अक्षरात प्रांतांकडच्या अपिलाचा क्रमांक आणि 'आदेशाप्रमाणे अंशतः रद्द' अशी ओळ आहे. संगणकावरच्या सातबाऱ्यात यातले काहीही दिसत नाही. ही एक ओळ सापडल्याने प्रांत कार्यालयातल्या अपील प्रकरणाची नक्कल कामात वाढली.

हस्तलिखित सातबाऱ्यावर वर्तुळातला आकडा म्हणजे फेरफार क्रमांक, आणि कंस केलेले नाव म्हणजे कमी झालेले नाव. कंसाजवळ वर्तुळ नसेल तर ते नाव कोणत्या आधाराने कमी झाले हा प्रश्न लगेच टिपून ठेवायचा. नंतर तो आठवत नाही.

३११ आणि ७०६ कुळाचे आहेत : पहिल्यात कुळाची नोंद, दुसऱ्यात कूळकायदा कलम ३२-म चे, कुळाने जमीन विकत घेतल्याचे प्रमाणपत्र. म्हणजे मधला ५७० बहुधा कलम ३२-ग खाली ठरलेल्या खरेदी किमतीचा. इतर हक्कात कूळकायदा कलम ४३ चा (हस्तांतरावरच्या बंधनाचा) शेरा का आहे, त्याचा उलगडा इथे होतो.

२२ जानेवारी

क्षेत्राचा मेळ. जुन्या सातबाऱ्यावर दोन सर्वे नंबर : एक ४ एकर १३ गुंठे, दुसरा २ एकर ३० गुंठे. आजच्या गटावर लागवडीयोग्य २ हेक्टर ७५ आर. घरच्यांच्या मते ११ आर कोणीतरी खाल्ले.

हिशेब असा. ४० गुंठ्यांचा एकर. म्हणून १७३ आणि ११० मिळून २८३ गुंठे. एक गुंठा म्हणजे १.०११७ आर. गुणाकार २८६.३, म्हणजे २ हेक्टर ८६ आर. सातबाऱ्यावर पोटखराबा (लागवडीस अयोग्य भाग) ११ आर वेगळा दाखवला आहे. ७५ आणि ११ मिळून ८६. कमी काही झालेले नाही. अशा तक्रारीत आधी पोटखराब्याची ओळ बघावी, मग मोजणीचा खर्च करावा.

दोन सर्वे नंबरांचा एक गट झाला तो एकत्रीकरण योजनेत, फेरफार ११८०. इथून पुढचे कागद तहसीलमध्ये मिळत नाहीत, ते उपअधीक्षक भूमि अभिलेख यांच्याकडे. मागितले : योजनेचे ९(३), ९(४) चे उतारे, ज्यात कोणता सर्वे नंबर कोणत्या गटात गेला ते दिसते; जबाब; गट नकाशा; आधीच्या सर्वे नंबरांचे टिपण, गुणाकार बुक (क्षेत्र काढल्याचा हिशेब), आकारफोड (साऱ्याची विभागणी) आणि आकारबंद (क्षेत्र आणि साऱ्याचा तक्ता). क्षेत्राच्या वादात टिपण हा तळाचा कागद. त्यात बांधांची मापे असतात, बाकी सगळे त्यावरून केलेले आहे.

२९ जानेवारी

तहसीलमधून ८४ आणि ५७० मिळाले. ८४ मोडीत आहे. छायाप्रत मागितली होती म्हणून अक्षर आहे तसे हाती आले. लिप्यंतरासाठी मोडी वाचकाकडे दिले. मोडीत शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, त्यामुळे नावे तुटतात किंवा जुळतात. सर्वे नंबर आणि आडनावे दोन जणांकडून वाचून घ्यायची.

९४१ बद्दल तोंडी उत्तर आले : 'वही सापडत नाही.'

तोंडी उत्तर फाइलला लागत नाही. त्याच अर्जाच्या पोचेच्या आधारे लेखी उत्तर मागितले आणि त्यात तीन प्रश्न घातले : फेरफार क्र. ९०१ ते १००० ची वही अभिलेख कक्षाच्या सूचीत नोंदलेली आहे का. असल्यास ती कोणत्या तारखेला कोणाकडे दिली. स्कॅनिंगला गेली असल्यास परत आल्याची नोंद आहे का. फेरफार वही कायम जपायच्या वर्गातली असल्याने 'मुदत संपली, नष्ट केली' हे उत्तर इथे बसत नाही.

वही मिळेपर्यंत वाट बघत बसायचे नाही. हस्तलिखित सातबाऱ्यावर ९४१ चे वर्तुळ इतर हक्कांच्या रकान्यात आहे आणि शेजारी 'रे.मु.नं. ११८/१९७४ हु.ना. प्रमाणे' एवढे वाचता येते. म्हणजे तो रेग्युलर मुकदम्यातला, न्यायालयाचा हुकूमनामा (डिक्री) आहे. तो न्यायालयाच्या बाजूने शोधता येईल.

५ फेब्रुवारी

नोंदणी विभागाची विनाशुल्क ई-सर्च. मुंबईबाहेरच्या महाराष्ट्राचे दस्त तिथे २००२ पासून आहेत. एका वेळी एकच वर्ष घेते. २००२ ते २०२५ म्हणजे २४ वर्षे, आणि मिळकतीचे क्रमांक तीन (गट आणि दोन जुने सर्वे नंबर), म्हणजे ७२ वेळा शोध. कंटाळून नुसता गट नंबर टाकला तर ज्या दस्तात जुना सर्वे नंबरच लिहिला तो सुटतो. एक गहाणखत तसेच, सर्वे नंबरावर सापडले.

सूची २ (दस्ताची मिळकतवार नोंद) उतरवून घेताना दस्त क्रमांकासोबत कार्यालय आणि वर्ष लिहावे. शहरात दोन-तीन दुय्यम निबंधक कार्यालये असतील तर प्रत्येकाची क्रममालिका वेगळी असते. नुसत्या क्रमांकावर दुसऱ्याचाच दस्त निघतो.

११ फेब्रुवारी

२००२ पूर्वीचा शोध प्रत्यक्ष कार्यालयात. नोंदणी अधिनियम १९०८, कलम ५७ : पुस्तक १, पुस्तक २ आणि पुस्तक १ च्या सूची फी भरून कोणालाही पाहता येतात. पुस्तक ३ मृत्युपत्रांचे. करणारा हयात असेपर्यंत त्याची प्रत दुसऱ्याला मिळत नाही. पुस्तक ४ मधली प्रत फक्त पक्षकारांना. म्हणून शोध अर्जात 'पुस्तक क्र. १' लिहावे. कुलमुखत्यारपत्र पुस्तक ४ मध्ये जाते; ते हवे असेल आणि आपण पक्षकार नसू, तर ते इथे मागून उपयोग नाही.

सूची १ नावावर, सूची २ मिळकतीवर. जुन्या काळात नाव हाच भरवशाचा धागा, पण ते तीन प्रकारे बघावे : आडनावाने, पहिल्या नावाने आणि 'अ.पा.क.' लावून, कारण अज्ञानाच्या वतीने पालनकर्ता म्हणून झालेला दस्त पालकाच्या नावाखाली जातो.

हे काम मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यात ठेवू नये. १ एप्रिलला बाजारमूल्य दर बदलण्याच्या धास्तीने सगळे कार्यालय नोंदणीत गुंतलेले असते.

१८ फेब्रुवारी

न्यायालय. ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर १९७४ चा दावा मिळाला नाही, अपेक्षाही नव्हती. चालू आणि अलीकडच्या प्रकरणांसाठी मात्र तो पहिला थांबा : पक्षकाराच्या नावाने शोधावे, 'प्रलंबित' आणि 'निकाली' दोन्ही खुणा करून. इंग्रजी स्पेलिंगचे तीन-चार प्रकार करून पाहावेत. एकच आडनाव तिथे वेगवेगळ्या अक्षरांनी चढलेले असते. प्रकरण मिळाले की त्याचा १६ अक्षरी सीएनआर क्रमांक उतरवून घ्यावा : दोन अक्षरे राज्याची, दोन जिल्ह्याची, दोन अंक न्यायालयाचे, सहा क्रमांकाचे, चार वर्षाचे. पुढे प्रकरण दुसऱ्या न्यायाधीशांकडे गेले तरी तो बदलत नाही. या गटावर चालू दावा नाही. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडेही वेगळे पाहिले, कारण जळगाव, धुळे आणि नंदुरबारची प्रकरणे तिकडे जातात. तिथेही काही नाही.

जुन्या दाव्यासाठी आधी कोणते न्यायालय ते ठरवायचे. त्या तालुक्यात १९७४ मध्ये दिवाणी न्यायालय होते की शेजारच्या तालुक्यात, हे विचारून घेतले. निकाली प्रकरणे काही काळाने जिल्हा न्यायालयाच्या अभिलेख कक्षात जातात, त्यामुळे मूळ न्यायालयाच्या नोंदवहीत दावा सापडला तरी कागद तिथे असतीलच असे नाही. नोंदवहीतून निकालाची तारीख आणि प्रकरण पाठवल्याचा दिनांक घेतला. त्याशिवाय अभिलेख कक्षात बस्ता निघत नाही.

२५ फेब्रुवारी

नक्कल विभागात अर्ज : रेग्युलर मुकदमा नं. ११८/१९७४, निकालाची तारीख, पक्षकार, आणि हवे असलेले कागद नावानिशी : निकालपत्र, हुकूमनामा, दाव्याची अर्जी, मिळकतीची यादी. ही यादी लोक मागायला विसरतात, आणि तिच्याशिवाय हुकूमनाम्यातला '१ अ' म्हणजे कोणता सर्वे नंबर ते कळत नाही.

अर्जदार मूळ पक्षकाराचा वारस आहे, म्हणून मृत्यूदाखला आणि वारस दाखवणारा फेरफार जोडला. पूर्ण त्रयस्थ असेल तर कारण सांगणारा अर्ज करून न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. न्यायालयाच्या कागदासाठी माहितीच्या अधिकारात जाऊ नये. न्यायालयाचे स्वतःचे नक्कल नियम असताना त्याच मार्गाने जावे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे.

६ मार्च

नकला मिळाल्या. पहिली तपासणी शेवटच्या पानावर : अर्जाची तारीख, नक्कल तयार झाल्याची तारीख, दिल्याची तारीख, शिक्का आणि सही. अपील करायचे असते तेव्हा नकलेला लागलेले दिवस मुदतीतून वगळले जातात, आणि ते याच तारखांवरून मोजतात.

हुकूमनामा वाटपाचा आहे : तीन सारखे हिस्से. पण वाटप न्यायालयाने केलेले नाही, आणि इथेच शोध घेणारे अडतात. सारा भरणाऱ्या शेतजमिनीचे वाटप दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ प्रमाणे जिल्हाधिकारी किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी करतो. न्यायालय हिस्से ठरवते आणि कागद महसुलाकडे पाठवते. त्यामुळे जमीन प्रत्यक्ष कशी तुटली ते न्यायालयाच्या फाइलमध्ये मिळणारच नाही. ते तहसीलच्या वाटप प्रकरणात आणि भूमि अभिलेखच्या मोजणीत असते. नकलेसोबत आलेल्या रोजनाम्यात (दाव्याच्या तारीखवार नोंदीत) जिल्हाधिकाऱ्यांना पाठवलेल्या पत्राचा जावक क्रमांक आणि तारीख आहे. पुढचा अर्ज त्या क्रमांकावर.

१२ मार्च

वहीबद्दल लेखी उत्तर आलेले नाही. माहितीच्या अधिकारात अर्ज, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. महाराष्ट्राच्या नियमात एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द. म्हणून दोन अर्ज : एक फेरफार वहीच्या प्रत्यक्ष पाहणीसाठी, दुसरा वाटप प्रकरणाच्या पाहणीसाठी. 'का सापडत नाही', 'जबाबदार कोण' असे प्रश्न घातले नाहीत. त्यांना 'ही माहिती नव्हे' असे उत्तर येते. आधी पाहणी मागितली, मग हवी तीच पाने २ रुपये प्रमाणे. उत्तराची मुदत ३० दिवस. न आल्यास पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील, त्याला २० रुपये.

२० मार्च

घरजागा. हे काम थोडक्यात उरकले. गावठाण असल्याने सातबारा नाही. 'आठचा उतारा आणा' म्हटल्यावर शेतीचा ८अ आणला गेला. हवा होता ग्रामपंचायतीचा नमुना ८, कर आकारणीचा. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही, आणि नमुना ८ वरचे नाव मालकी सिद्ध करत नाही. गावाची स्वामित्व योजनेत ड्रोन मोजणी झाली असून मालमत्ता पत्रक तयार आहे. त्याची प्रत घेतली, सोबत चौकशी नोंदवहीचा उतारा मागितला. पत्रकावर नाव कशाच्या आधारे चढले ते त्या नोंदवहीत असते.

११ एप्रिल

पाहणी झाली. ९४१ ची वही हरवलेली नव्हती. शेजारच्या गावाच्या वहीसोबत एकाच बांधणीत शिवली होती, पुठ्ठ्यावर नाव फक्त त्या दुसऱ्या गावाचे. म्हणून वही नाही म्हटले की त्याच सजातल्या (एका तलाठ्याकडच्या) बाकीच्या गावांच्या बांधण्या उघडून बघायच्या.

वाटप प्रकरणही निघाले, अवघी अकरा पाने. शेवटच्या पानावर : मोजणी फी न भरल्याने प्रकरण दप्तरी दाखल, म्हणजे बंद. म्हणजे हुकूमनामा झाला, वाटप कधीच झाले नाही. ९४१ चा शेरा हस्तलिखित सातबाऱ्यावर शेवटपर्यंत होता, तो कमी करणारा फेरफार नऊ आकड्यांत नाही, आणि संगणकावर तो उतरलेलाच नाही.

आता अर्ज जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली, लेखनदोष दुरुस्तीचा. सोबत तीन प्रती त्याच क्रमाने : शेवटचा हस्तलिखित सातबारा, पहिला संगणकीय सातबारा, फेरफार ९४१ सर्व रकान्यांसह. शेरा दिसेल तिथे पिवळी खूण, आणि दुसऱ्या प्रतीवर रिकाम्या रकान्याला तशीच.